सुनेच्या हातांवर पहारा

शुक्रवार, ९ मे. सकाळी ढगाळ, मग लख्ख ऊन. नळाला पाणी वेळेवर. दिवसभर सुनेच्या इस्पितळात. काम : तिच्या हातांवर लक्ष ठेवणे. डबा तिथेच खाल्ला. लोकर नेली होती. जितके विणले त्याहून जास्त उसवले.

घरी येऊन चपला काढल्या काढल्या मी डायरीत एवढेच लिहिले. माझी डायरी अशीच असते. शाळेत असल्यापासून लिहिते आहे, आणि आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली शिस्त अशी की, आधी घडले ते लिहावे आणि वाटले ते उरलेल्या जागेत. जागा सहसा उरत नाही. पण या दिवसाला चार ओळी पुरायच्या नाहीत, म्हणून वेगळे कागद घेऊन बसले आहे. तो दिवस समजायचा तर आधी माझी सून समजायला हवी.

ती आमच्या घरात आली तीच कानाला फोन लावून. हे मी मीठमसाला लावून सांगत नाही. लग्नाची नोंदणी करून दोघे दारात आले, मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले, तर तिने एक बोट वर करून मला थांबवले आणि म्हणाली, "नाही होत? मग एकदा बाहेर पडा आणि पुन्हा आत या." मला वाटले, ही मलाच सांगते आहे. मी खरोखर उंबऱ्याबाहेर जाऊन पुन्हा आत आले. माझा मुलगा भिंतीला टेकून हसत सुटला. ती फोनवर इस्पितळातल्या कुठल्याशा नर्सला कॉम्प्युटरमधून बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगत होती. मग तिला कळले तेव्हा तीही हसली, मीही हसले, आणि आमचे सासू-सुनेचे नाते तिथेच मार्गी लागले.

तिचे काम असे. आमच्या गावात बायका-मुलांचे मोठे इस्पितळ आहे, तिथली सगळी माहिती आता कॉम्प्युटरवर असते. कुठल्या वॉर्डातल्या पेशंटची माहिती कुणी उघडायची आणि कुणी नाही, याचे नियम नेटवर्कला घालून द्यावे लागतात. ते घालणारी माझी सून. मला हे समजायला जड गेले नाही. आमच्या वसतिगृहात दाराशी एक सिस्टर बसत. संगीताच्या मुलींना संगीताच्या वेळेला संगीताच्या खोलीत सोडायचे, आजारी मुलीला दवाखान्यात, स्वयंपाकघरात कुणालाच नाही. ती सिस्टर म्हणजेच माझी सून, फक्त तिच्या दाराशी हजार माणसे, आणि तीही एका जागी न राहणारी.

तिथेच तर सारी मेख होती. नर्स सकाळी दुसऱ्या मजल्यावर असते, दुपारी कुणी आजारी पडले म्हणून तिला बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवतात. तिथे गेल्यावर तिला तिथल्या पेशंटचे काही उघडत नाही, कारण नियमात ती अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे. की आला सुनेला फोन. मग तिने हाताने नवा नियम लिहायचा, तोही योग्य जागी, कारण मशीन नियम वरून खाली वाचते आणि जो पहिला लागू पडेल तोच पाळते. नियम चुकीच्या जागी पडला, तर एक तर कुणालाच उघडत नाही, नाही तर शिपायालासुद्धा सगळे उघडते. आणि नियम लिहून झाला की सगळी यादी पुन्हा चढवायची. ती चढेपर्यंत साऱ्या इस्पितळाची दारे बंद. तेवढ्या वेळात सगळ्या नर्सेस तिच्या नावाने बोटे मोडायच्या आणि पुन्हा तिलाच फोन करायच्या.

त्यामुळे फोन तिच्या अंगाचाच एक भाग झाला होता. न्हाणीघरात साबणाच्या वडीशेजारी फोन. कणीक मळताना मी तिच्या कानाशी फोन धरून उभी. एकदा सिनेमाला गेलो, तर नायक-नायिका शेवटी भेटले की नाही हे तिला मी घरी येऊन सांगितले.

माझ्या मुलाचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. माणूस शांत, पण अधूनमधून टोमणा मारतो. "आई, मी माणसाशी नाही, टेलिफोन एक्स्चेंजशी लग्न केलं," असे म्हणायचा. त्याच्या एका मित्राचे गावापासून लांब, तळ्याकाठी छोटे घर आहे. तिथे फोन लागत नाही. दरवर्षी तो म्हणायचा, या वर्षी दोन दिवस तिथे जाऊ. दरवर्षी सून म्हणायची, जाऊ या. आणि दोघांनाही माहीत असायचे की जाणे होणार नाही, कारण जिथे फोन लागत नाही तिथे ती जाऊच शकत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिने मनावर घेतले. वॉर्डावॉर्डांत जाऊन बसली, नर्सेसबरोबर चहा प्यायली, कोण कुठे कशी जाते ते पाहिले. ड्यूटीच्या तक्त्यावर एक असते आणि वॉर्डात भलतेच, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आले. मग तिने नवी व्यवस्था केली. प्रत्येक वॉर्डाच्या टेबलावर एक खाच. नर्सने आल्यावर आपले कार्ड त्यात घालायचे. मशीन पाहते, ही आता ड्यूटीवर आहे का आणि कुठल्या टेबलाशी आहे. जुळले, की तेवढाच एक नियम आपोआप त्याच्या जागी जाऊन बसतो, बाकीच्यांचे काम चालूच राहते. कार्ड काढले किंवा ड्यूटी संपली, की तो नियम आपोआप निघतो. शिवाय उघडी स्क्रीन सोडून कुणी निघून गेले तर? म्हणून थोडा वेळ कीबोर्डला हात लागला नाही, की स्क्रीनही आपली आपण बंद.

"म्हणजे आता तुझ्यावाचून अडणार नाही," मी म्हणाले.

"अडू नये म्हणून तर एवढी खटपट केली, आई."

पण मोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. ते इस्पितळाचे प्रमुख. माणूस चांगला, पण मशीन आपोआप काही करते म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी. शेवटी त्यांनी अट घातली. एक पूर्ण दिवस सुनेने कीबोर्डला हात न लावता बसायचे. दिवस नीट पार पडला, तर ही व्यवस्था कायम आणि तिला लगेच दोन दिवस सुट्टी, फोनशिवाय. एकदा जरी हात लावावा लागला, तर पहिले पाढे पंचावन्न, पुन्हा सगळे हाताने.

"पण तू हात लावला नाहीस हे बघणार कोण?" डॉक्टर म्हणाले. "तुझ्या विभागातली माणसं तर तुझीच."

"तुम्हीच सांगा कोण बसवायचं ते."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि हसून म्हणाले, "तुला सासू आहे ना? सासूपेक्षा कडक पहारेकरी मला कुठे मिळणार?"

अशी माझी नेमणूक झाली.

सुनेची खोली तळमजल्याच्या टोकाला आहे. निळ्या वायरींचे जुडगे, सतत घुं घुं करणारी कपाटे, आणि मशिनी तापू नयेत म्हणून हाडे गोठवणारा गारठा. तिने माझ्यासाठी शाल आणि पाठीला उशी आणून ठेवली होती. मी लोकर काढली, ती समोर बसली, तिने हाताची घडी घातली आणि दिवस सुरू झाला.

सुरुवातीचा थोडा वेळ मजेत गेला. स्क्रीनवर हिरव्या ओळी होत्या, तिने मला त्या वाचायला शिकवले. प्रत्येक ओळ म्हणजे कुठे तरी कार्ड घालून बसलेली एक नर्स. फोन टेबलावर गप्प. मी विणत होते. आणि अचानक स्क्रीन काळी झाली.

"आई!"

"काय झालं गं?"

"मी बाहेर पडले."

"कुठे बाहेर? इथेच तर बसली आहेस."

"अहो, माझ्याच नियमानं मला बाहेर काढलं! हात हलले नाहीत ना माझे. मशीनला वाटलं, कुणी तरी स्क्रीन उघडी टाकून गेलं." तिने हातांच्या घडीवरच कपाळ टेकले. "सगळ्यांचा विचार केला आणि हाताची घडी घालून बसणारीचाच नाही केला."

"मग पासवर्ड घाल."

"घातला तर हात लागला, असं तुम्ही डॉक्टरांना सांगाल?"

"सांगेन."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही ना आई, अगदी खऱ्या सासू आहात."

"नेमणूकच तशी झाली आहे," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की माझे टाके सुयांवरून घसरले.

आता तिला काहीच दिसत नव्हते. वर काय चालले आहे हे कळायला एकच साधन, तो फोन. तो वाजला नाही म्हणजे सगळे आलबेल. आणि तो वाजत नव्हता. दहा वाजले, अकरा वाजले, तरी हूं नाही की चूं नाही. मी खूश होते. पण सुनेचा चेहरा हळूहळू उतरायला लागला.

"काय गं, सगळं छान तर चाललंय."

"हेच तर. अकराला चहाची वेळ असते. या वेळेला निम्मं इस्पितळ इकडचं तिकडे होतं. एखादी तरी म्हणेल, कार्ड खाचेत बसत नाही, कार्ड कुठे ठेवलं आठवत नाही. एवढी शांतता? आई, वर काही तरी शिजतंय."

"मग जाऊन बघू या."

"चालेल?"

मी अट आठवून पाहिली. "अट हातांची आहे, खुर्चीची नाही. मी बरोबर आहेच. पण घडी सोडायची नाही."

त्यामुळे आमची वरात निघाली ती अशी : पुढे हाताची घडी घातलेली सून, मागे शाल आणि लोकर घेतलेली मी. लिफ्टचे बटन मी दाबले, दारे मी ढकलली. वाटेत भेटणारे सगळे घाबरून बाजूला होत होते. एक शिपाई तर मला हळूच विचारून गेला, "काकू, आज मॅडम कुणावर एवढ्या चिडल्यात?"

दुसऱ्या मजल्यावर आलो तर जिन्याच्या तोंडाशी खुद्द मेट्रन उभ्या. मेट्रन माझ्याच वयाच्या, आवाज असा की तान्ही बाळे रडायची थांबतात. त्या सुनेला पहिल्या दिवसापासून पोरी म्हणतात. आत वॉर्डात नर्सेस आपापल्या टेबलाशी खिळल्यासारख्या बसलेल्या. सगळ्यांची कार्डे खाचेत. एक ठेंगणी, बडबडी नर्स आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. ती रडवेल्या तोंडाने म्हणाली, "मॅडम, चहाला जाऊ द्या ना. सकाळपासून बसलोय. मी आणखी कशालाही गेले नाहीये."

सून मेट्रनकडे वळली. "हे काय चाललंय?"

"तुझी सुट्टी चाललीये, पोरी," मेट्रन अभिमानाने म्हणाल्या. "सगळ्यांना ताकीद दिलीय. आज कुणी जागचं हलायचं नाही. अदलाबदल नाही, चहा नाही, या वॉर्डातून त्या वॉर्डात नाही. कुणी हललंच नाही तर तुझं काही अडेलच कसं?"

मला त्या बाईला कडकडून भेटावेसे वाटले. सगळ्या नर्सेस, रोज तिच्या नावाने बोटे मोडणाऱ्या, आज तिला दोन दिवस मिळावेत म्हणून तहान-भूक दाबून बसल्या होत्या. सुनेच्याही डोळ्यांत पाणी आले. घडीमुळे पुसता येईना, म्हणून मी शालीने पुसले.

खरे तर तिने एवढेच करायचे होते, आभार मानून खाली येऊन बसायचे. संध्याकाळी सुट्टी हातात. मीच मनात म्हटले, सुटली बिचारी. पण ती म्हणाली, "मेट्रन, हलू दे त्यांना."

"वेडी आहेस का? अडकलं तर सुट्टी जाईल."

"अडकायचं असेल तर आज अडकू दे, मी इथे असताना. कुणी हललंच नाही तर माझं काम चालतं की नाही ते कळणार कसं? उद्या मी तळ्याकाठी बसलेली असेन, इथे एखादं बाळ निळं पडेल आणि चिमणीला त्याचं काही उघडणार नाही. मला नको अशी सुट्टी."

मेट्रननी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बाई, तुमची सून हट्टी आहे हो."

"आमच्या घरात आल्यावर झाली," मी म्हणाले.

मेट्रननी एकदा टाळी वाजवली. "चला गं पोरींनो! सुटा!"

शाळा सुटावी तसे झाले. कार्डे निघाली, खुर्च्या सरकल्या. चिमणी सगळ्यांत आधी कुठे पळाली ते सांगायला नको. पुढचे दोन-तीन तास त्या इस्पितळात मी जी धांदल पाहिली तिला तोड नाही. सकाळभर तुंबलेल्या साऱ्या अदलाबदली एकदम सुरू झाल्या. खालच्या वरती, वरच्या खाली, एकीचे मूल आजारी म्हणून तिच्या जागी दुसरी, आणि त्यातच दोन बायका एकदम अडलेल्या आल्या, म्हणून बाळंतिणींच्या वॉर्डात आणखी तिघी धावल्या. प्रत्येक जण टेबलाशी जाई, कार्ड घाली, आणि तिथले उघडे. कुणी सुनेकडे वळूनही पाहिले नाही. ती व्हरांड्याच्या मध्यभागी घडी घालून उभी, आणि चेहरा असा की जणू तिच्या लेकी पहिल्यांदा पोहताहेत.

आणि मग अडकले.

लहान मुलांच्या वॉर्डातून आवाज आला, "मॅडम, उघडत नाहीये!" चिमणीच होती. कार्ड खाचेत, आणि स्क्रीनवर लाल पट्टी. तिने काढून पुन्हा घातले. पुन्हा लाल. आणि नेमके त्याच वेळी मोठे डॉक्टर जिना चढून वर आले.

"काय झालं?" त्यांनी विचारले, आणि मग लाल पट्टी पाहिली. "अरेरे."

सून पांढरीफटक पडली. खाली जाऊन तिने स्क्रीन उघडली असती, तर कुठला नियम आड येतो आहे ते तिला चटकन दिसले असते. तिची बोटे दंडावर वळवळत होती. मी नजर हटवली नाही, पण खोटे कशाला बोलू, त्या घटकेला मला पहाऱ्यावर बसल्याचा पश्चात्ताप झाला.

"मला इथून काही दिसत नाहीये," ती सावकाश म्हणाली. "पण नियमाला तीनच गोष्टी कळतात. कोण, ड्यूटीवर आहे का, आणि कुठे आहे. कुठे ते बरोबर आहे. चिमणी ड्यूटीवर आहे. मग राहिलं काय? मेट्रन, जरा कार्ड बघता का, कुणाचं आहे?"

मेट्रननी चष्मा लावला, कार्ड उपसले आणि हात लांब करून पाहिले. "काय गं चिमणे, तुझं नाक एवढं सरळ कधीपासून झालं?"

फोटो चिमणीचा नव्हताच. तिची एक मैत्रीण सकाळची ड्यूटी संपवून घरी गेली होती, जाताना खुंटीवर टांगलेल्या दोघींच्या कार्डांच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली. घरी गेलेल्या बाईच्या कार्डाने वॉर्ड उघडायला निघाली होती चिमणी! आणि मशीनने दार लावून घेतले होते. चिमणीचे कार्ड घरून यायला वेळ लागणार, म्हणून मेट्रन स्वतःच त्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी आपले कार्ड घातले. क्षणात सगळे हिरवे.

"म्हणजे हे अडलं नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "अडवलं."

"अडवायलाच हवं होतं ना, सर?"

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडलेली पाहिली. "जुन्या पद्धतीत काय झालं असतं?"

"हिनं मला फोन केला असता, आणि मी आवाज ओळखून उघडून दिलं असतं," सून म्हणाली. "कार्ड चुकलंय हे कुणाला कळलंही नसतं."

संध्याकाळी डॉक्टर तळमजल्यावर आले. मी लोकर गुंडाळत होते.

"काय काकू, अहवाल?"

"कीबोर्डला हात लावला नाही. घडी एकदा सुटली."

सून दचकली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "कधी?"

"मेट्रनना मिठी मारताना. कीबोर्ड दोन मजले खाली होता."

डॉक्टर मोठ्याने हसले. मग सुनेचा फोन टेबलावरून उचलून त्यांनी तिच्या विभागातल्या मदतनीसाच्या हातात दिला. "हा सोमवारपर्यंत इथेच राहील. आणि तू इथे दिसलीस तर मात्र मी तुझ्या सासूबाईंकडे तक्रार करीन."

दुकान बंद करून मुलगा घराच्या फाटकाशी उभा होता. तिने दोन्ही हात हवेत वर केले, रिकामे, फोनशिवाय, आणि त्याला कळले. मग उघडकीला आले की त्याने सकाळीच पिशवी भरून ठेवली होती, पण तिच्या मनावर दडपण नको म्हणून माझ्या पलंगाखाली सरकवली होती. मी म्हटले, रात्री अपरात्री कशाला, उद्या पहाटे निघा. दोघेही ऐकायला तयार होईनात. तिने तोंड धुतले, केस बांधले, आणि बाहेर अजून उजेड होता तोवर दोघे निघालेसुद्धा. कोपऱ्यावरून वळताना ती मागे वळून हात हलवत राहिली, अगदी दिसेनाशी होईपर्यंत, दोन्ही हात.

मी आत आले, दार लावले, आणि डायरी उघडून त्या दिवसाच्या शेवटी आणखी एक ओळ लिहिली :

दूधवाल्याला निरोप दिला. उद्या आणि परवा एकच पिशवी.